नदीकडची खिडकी आणि गुणवंतरावांचं कुलूप

मी एक जुनी खिडकी आहे, मित्रांनो, आणि माझा राग अजून उतरलेला नाही. आमच्या गावाला गोंड राजांच्या वेळचा परकोट आहे, आणि परकोटातल्या लहान दाराला इकडे खिडकी म्हणतात. एवढ्यानेच गोंधळू नका, खरा गोंधळ पुढे आहे.

माझं अंग सागाचं. माझ्या आत बाजार, बाहेर नदी, आणि मधे पंधरा पावलांची वाट. बाहेर परकोटाला लागून राहणारी बायनाबाई ढिवरीण रोज सकाळी मासोळीची टोपली घेऊन माझ्यातून आत यायची. ती सुईणही होती. अर्ध्या बाजारपेठेने पहिलं रडणं तिच्याच हातांत रडलेलं. आत कोणा बाईला कळा लागल्या की माझी कडी वाजायची, आणि बायनाबाई पदर खोचत धावायची. लोक म्हणायचे, ही खिडकी नाही, गावाची माय आहे. मी फुगायचे. पावसाळ्यात तर जास्तच फुगायचे, पण त्याला सागवान जबाबदार.

मग चौऱ्याऐंशी साली नगरपालिकेला सुचलं की जुनं गाव नदीला जोडायचं. अहो, मग इतकी वर्षं मी काय माशा मारत होते? पण नगरपालिकेच्या साहेबांच्या नकाशात मी नव्हतेच. नवा रस्ता मोठ्या दरवाजातून निघाला, परकोटाला वळसा घालून नाल्यावरून गेला आणि दीड मैलाने नदीवर पोचला. तिथे घाट, पायऱ्या, लोखंडी कठडा. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय म्हणणार?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत काढतात. पळसाच्या डहाळ्या, पोरांच्या बांबूच्या गेड्या, सगळं गोळा करून रोगराईला शिव्या देत गावाबाहेर टाकतात. आमची मारबत पिढ्यान्‌पिढ्या माझ्यातून बाहेर जायची. पण त्या वर्षी पोळ्यानंतर लगेच घाटाचं उद्घाटन होतं, आणि मारबतीचा कचरा नदीतून वाहत जाऊन नव्या पायऱ्यांवर दिसायला नको होता. म्हणून सभासद गुणवंतरावांनी पोळ्याच्या आदल्या दिवशी मला आतून कुलूप ठोकलं. गाव नदीला जोडायचं म्हणून नदीचं दार बंद! लोकांनी मारबत माझ्या आतल्या अंगालाच टाकली, म्हणजे रोगराईही गावातच राहिली. किल्ली वामनराव कारकुनाने करदोड्याला बांधली, आणि तो सणाला चिमूरकडे आपल्या गावी निघून गेला.

मारबतीच्या दुसऱ्या दिवशी नदी चढली. नाल्याचं पाणी नव्या रस्त्यावर आलं, आणि मोठ्या दरवाजाकडून नदीकडे जायची वाट बंद झाली. गुणवंतरावांची लेक कमळा बाळंतपणाला माहेरी आली होती. भर दुपारी तिला कळा लागल्या. बाळ आडवं. नर्सबाई नाल्यापलीकडे अडकलेली. गुणवंतराव अनवाणी माझ्याकडे धावत आले आणि आपणच लावलेल्या कुलपावर दगड घालू लागले. कुलूप हलेना. आवाज ऐकून पलीकडे बायनाबाई आली. फटीला तोंड लावून तिने विचारलं, पोरीचं पाणी केव्हा गेलं, ती बोलते का. मग म्हणाली, "गुणवंतभाऊ, कुलूप नाई तुटत तं दार तोडा."

आणि मित्रांनो, हा बाप काय म्हणाला असेल?

"दार नगरपालिकेचं हाय न बाई. ठराव लागते."

मला तोंड असतं तर मी तिथेच बोंब ठोकली असती. बायनाबाईचा आवाज मात्र चढला नाही.

"मंग ठरावालेच बोलवा बाळंतपन कराले."

गुणवंतरावांनी हातातला दगड टाकला. मग त्यांनी शेजारच्या घरातून कुऱ्हाड आणली. सात घाव बसले. दुखलं, खोटं कशाला सांगू. पण लवकर तुटावं असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. बायनाबाई मारबतीचा ढीग तुडवत आत धावली, आणि दिवे लागायच्या आत कमळाला मुलगी झाली. दोघी वाचल्या.

आता तरी शहाणपण यावं की नाही? आठ दिवसांत नगरपालिकेचा गवंडी सुकलू विटा घेऊन हजर. तुटकं दार धोक्याचं, तेव्हा भिंत घाला, असा ठराव. हा ठराव बरा लगेच झाला! गुणवंतराव आले आणि माझ्या उंबऱ्यावर फतकल मारून बसले.

"सुकलू, भिंत घालाची असन तं मले आत घेऊनच घाल. मी उठत नाई."

ते तीन दिवस बसले. जेवणाचा डबा कमळाची आई तिथेच आणायची. तिकडे घाटावर साहेबांनी फीत कापली आणि गाव आज नदीला भेटलं असं भाषण केलं. चौथ्या दिवशी सुकलू विटा घेऊन परत गेला.

आज मला एकच फळी आहे. तीही तिरपी, आणि कडी नाही. दुरुस्तीचा ठराव अजून यायचा आहे. मित्रांनो, दारांना तेल द्या, बिजागऱ्या गंजू देऊ नका, हे तर सांगतेच. पण कोणत्याही दाराला कुलूप लावायच्या आधी एकदा पलीकडे हाक मारून बघा. कोणी ओ दिली, तर कुलूप खिशातच ठेवा.