मुद्दाम चुकीचं

शर्मिलाचं काम ऐकून खडकीच्या क्वार्टर्समधल्या शेजारणी हसायच्या. दिवसभर मुद्दाम चुकीचं द्यायचं आणि समोरच्यानं नको म्हटलं की खूश व्हायचं, याचा पगार मिळतो होय? मिळतो बुवा. तिच्या कंपनीत एक लोडर होता, म्हणजे नाव सांगितलं की प्रोग्रामचा तेवढा भाग आणून जोडणारा. शर्मिला त्याला नावाऐवजी आकडा द्यायची, कधी रिकामी यादी, कधी काहीच नाही. दर वेळी त्यानं ते ठणकावून परत केलं पाहिजे. गुपचूप घेतलं, तर पुढे कुठेतरी सगळं कोसळणार.

वाईट एवढंच, की ही खोड तिनं घरी आणली.

तिचे वडील कचरूबाबा कारखान्यातून निवृत्त झाले होते आणि अलीकडे विसरायला लागले होते. डॉक्टर म्हणाले, गप्पा मारत राहा. हिचा गप्पांवर कुठला भरवसा! मी कोण, असं विचारलं तर माणूस अंदाजानंही सांगेल; चुकीचं नाकारलं तरच खरं, हे तिचं गणित. मग रोज सकाळी चहा देताना ती विचारायची, "मी हिरा ना?" हिरा म्हणजे तिची आई, मागच्या वर्षी वारलेली. बाबा कप खाली ठेवायचे. हिरा गेली, तू शर्मिला, म्हणायचे. झालं, पोरगी निर्धास्त लॅपटॉप उघडायची. बाबांचा चहा तसाच निवून जायचा, ते तिच्या ध्यानातच आलं नाही. काय करणार, बाबा आपल्याला विसरतील या भीतीनं तिचा जीव अर्धा झाला होता.

एका सकाळी तिनं नेहमीसारखं विचारलं आणि बाबांचा चेहरा खुलला. असा हसरा चेहरा आई गेल्यापासून तिनं पाहिलाच नव्हता.

"हिरे, आलीस? बस ना," ते म्हणाले.

मी शर्मिला, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते सांगायचं, तर आई गेली हेही पुन्हा सांगावं लागणार. ती खुर्ची ओढून बसली. बाबांनी एकदा दाराकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला.

"शर्मिला आली की तू आत जा. पोरगी गुणाची आहे गं, पण काय झालंय तिला कोण जाणे. रोज सकाळी माझ्या तोंडून वदवून घेते, की तू मेलीस."

"आता नाही विचारणार ती," शर्मिला कसंबसं म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.