उमाचं पाऊल

लक्ष्मीबाईंनी शेवटच्या आजारपणात लेकाकडं एकच लकडा लावला होता, "अनंता, चितेवरचं शेवटचं पाणी तुझ्याच हातचं हं! दुसऱ्या कुणाचं नको." अनंतराव एकुलते एक. ते नाही तर कोण देणार? पण त्यांना सहा वर्षांपासून पार्किन्सन होता. लोकांना फक्त थरथरणारा हात दिसायचा. खरा छळवाद पायांचा होता. मेले चालता चालता मध्येच जमिनीला चिकटायचे. दारात, वळणावर, आणि चार माणसं बघत असली की हमखास.

त्यांच्या बायकोला, उमाला, त्यावर एक युक्ती सापडली होती. ते अडले की ती आपलं पाऊल त्यांच्यापुढं आडवं ठेवायची. "अहो, ओलांडा बघू." आणि काय नवल, साध्या फरशीवर खिळलेला माणूस ते पाऊल मात्र सहज ओलांडायचा! पुंडलिकनगरच्या त्या दोन खोल्यांत दिवसभर हाच खेळ. डॉक्टरही म्हणाले होते, "हे बरोबर आहे. फक्त ढकलू नका कधी."

आई गेली त्या सकाळी उमा पदर खोचून म्हणाली, "मी येते स्मशानात."

"आपल्यात बायका जात नाहीत," वसंतकाका म्हणाले. ते अनंतरावांचे चुलते, घरात आता तेच वडीलधारे.

उमानं नवऱ्याकडं पाहिलं. त्यांनी एक शब्द काढला असता तर काका गप्प बसले असते. पण आईच्या चितेभोवती, सगळ्या भावकीसमोर, बायकोचं पाऊल ओलांडत फिरायचं? त्यांना लाजच वाटली.

"नको," ते म्हणाले. "लोकांत नको."

"मग त्यांना ढकलू तरी नका हो," उमा काकांना म्हणाली. काकांनी मान हलवली, पण त्या धांदलीत त्यांच्या डोक्यात काय शिरणार, कपाळ!

स्मशानात गुरुजींनी पाण्याचं मडकं अनंतरावांच्या खांद्यावर दिलं. दगडानं त्याला भोक पाडलं, धार लागली. ती धार सांडत चितेभोवती फिरायचं, जाणाऱ्याची तहान भागते म्हणतात. अनंतराव निघाले. दोन्ही हातांनी मडकं घट्ट धरलेलं. आजारानं चेहरा केव्हाच लाकडाचा केलेला, त्यावर काही उमटेना. लासूर स्टेशनहून आलेला एक पाहुणा कुजबुजला, "डोळ्याला टिपूस नाही बघा. आईच होती ना?" अनंतरावांनी ते ऐकलं. आतून ते लहान पोरासारखे हंबरडा फोडत होते, पण ते कुणाला दिसावं कसं?

उशाकडच्या वळणावर पाय चिकटले.

"चला अनंतराव," गुरुजी म्हणाले. धार चालूच होती, चितेवर नाही, त्यांच्याच पायांवर. कुणीतरी पुढं पाऊल ठेवा रे, एवढंच त्यांना सांगायचं होतं. पण आजारानं आवाजही खाल्ला होता. नुसते ओठ हलले. लोकांना वाटलं, मंत्र म्हणताहेत.

मडकं हलकं होत चाललं.

"चल बाळा, धीर धर," म्हणत काकांनी पाठीवर हात ठेवला आणि मायेनंच पुढं रेटलं.

अंग पुढं गेलं, पाय तिथंच राहिले. अनंतराव तोंडावर आपटले, मडक्याच्या ठिकऱ्या झाल्या. मग दुसरं मडकं आलं, ते काकांच्या नातवानं, हिमांशूनं, धरलं. फेऱ्याही त्यानंच पुऱ्या केल्या आणि अग्नीही त्यानंच दिला. अनंतराव बाकावर बसून बघत राहिले.

दुपारी दोघांनी धरून त्यांना घरी आणलं. उमा पायांवर घालायला पाण्याची बादली घेऊन दारात उभी होती. कपाळावरची माती, फुटलेला गुडघा, पाहिलं आणि ती काय ते समजली. ते उंबऱ्याशी अडले तसं तिनं सवयीनं पाऊल पुढं केलं.

त्यांनी ते ओलांडलं नाही. खाली बघत नुसते उभे राहिले. ओठ हलले, तशी उमानं कान जवळ नेला.

"आई तहानलेली गेली गं," ते म्हणाले. "सगळं पाणी माझ्याच पायावर सांडलं. आणि तुला नको मीच म्हटलं."