उतू न जाणारं दूध

माझा धाकटा भाऊ शंभूराज हुशार आहे, हे मी कबूल करते; पण त्याची हुशारी अधूनमधून अंगाशी येते, आणि ते अंग बहुधा आमचं असतं. हेब्बाळच्या ऑफिसात तो मोठमोठ्या यंत्रांसाठी फ्रेमवर्क लिहितो. म्हणजे एकच सॉफ्टवेअर सगळ्या यंत्रांना हुकूम सोडतं आणि त्यांचं तापमान, दाब वगैरे टिपून घेतं. महादेवपुऱ्यात फ्लॅट घेतल्यावर त्याने तेच घराला जोडलं. पंखे, गीझर, विजेची शेगडी, सगळं त्याच्या ताब्यात.

गृहप्रवेशाला शेगडीवर दूध चढलं. ते उतू गेल्याशिवाय आमच्यात नव्या घरात कोणी राहत नाही. राहुकाळ तोंडावर आला होता आणि बसवनगुडीच्या भाड्याच्या घराची किल्ली सकाळीच देऊन झाली होती. "नाही उतू गेलं तर आजपासून आम्ही तुमच्या हॉलमध्ये," असं भावजय रूपश्रीने मला आधीच बजावलं होतं. माझी सासू त्या हॉलमध्ये झोपते. त्यामुळे मीही दुधाकडे डोळे लावून बसले.

दूध वर आलं, साय थरथरली, आम्ही टाळ्यांसाठी हात उचलले, आणि शेगडी बंद पडली.

"सेफ्टी!" शंभूराज छाती फुगवून म्हणाला. "दुधात सेन्सर सोडलाय. उकळी यायच्या आत फ्रेमवर्क करंट तोडतं. या घरात दूध कधी उतू जाणारच नाही."

त्याची सासू भाग्यलक्ष्मी शांतपणे म्हणाली, "जावईबापू, आज तेच तर पाहिजे."

त्याचा चेहरा पडला.

"मग बदल ना तो नियम!" रूपश्री ओरडली.

"रागाच्या भरात कोणी सेफ्टी काढू नये म्हणून बदल दुसऱ्या दिवशी लागू होतो. मीच तसं केलंय."

"गॅस?" मी विचारलं.

"नाही घेतला. आग लागते."

एवढी अक्कल पाजळल्यावर तो खाली मान घालून सासूला म्हणाला, "अत्ते, थंडगार ताक आहे का?" दुधातला सेन्सर काढून त्याने ताकाच्या पेल्यात बुडवला. देवासमोर खोटी शपथ घेताना होतो तसा चेहरा झाला होता बिचाऱ्याचा.

फ्रेमवर्कला वाटलं, दूध गारठलंय. त्याने सगळा जोर लावला. दूध भसाभस वर आलं आणि पूर्वेच्या बाजूने उतू गेलं. "अक्का, झालं!" म्हणत रूपश्री माझ्या गळ्यात पडली.

पण ते थांबेना. शंभूराज सेन्सरकडे धावला, तर भाग्यलक्ष्मीने त्याचं मनगट धरलं. "स्वल्प थांबा हो. जेवढं उतू जाईल तेवढी भरभराट."

भरभराट ओट्यावरून खालच्या ड्रॉवरमध्ये उतरली. फ्रेमवर्क ज्यावर चालतं तो यंत्राचा डबा तिथेच होता. फट्ट आवाज झाला आणि घरातले सगळे पंखे थांबले.

शंभूराजने मला मोबाइल दाखवला. शेवटची नोंद होती: 'दूध थंड. सर्व ठीक.'

"अक्का, याने आजवर एकदाही खोटं लिहिलं नव्हतं," तो रडवेल्या आवाजात म्हणाला.

"आजही नाही लिहिलं. खोटं तू सांगितलंस." मला हसू आवरत नव्हतं, आणि त्याची कीवही येत होती.

"सरी, ठीक झालं, घर राहायला झालं," म्हणत भाग्यलक्ष्मीने फरशी पुसायचं फडकं जावयाच्या हातात दिलं.