हंड्यातला पहिला नंबर

औसा रोडवरच्या मंगल कार्यालयात लग्न नव्हतं, तरी दाराशी चपलांचा डोंगर! आत अंकमहाराज बोर्डातला पहिला नंबर वाटत होते.

बारावीची परीक्षा बारा दिवसांवर. माझी उज्वलाताई निलंग्याहून लातूरला खोली घेऊन दोन वर्षं क्लासात घासत राहिलेली. परवा महाराजांकडं जाऊन आली आणि पुस्तकं मिटून मोकळी झाली.

"फिजिक्सची उजळणी?"

"कशाला? माझा नंबर ठरला हाय."

"कितवा?"

"न्हाई सांगायचं. सांगितलं की सिद्धी उतरते."

मग मीही रांगेत उभी राहिले, ताईला ओढून. महाराजांनी दक्षिणेचं पाकीट घेतलं, हंडा पुढं केला.

"काढ चिठ्ठी, बाळ! हंड्यात मोठ्या मूळ संख्या. एक आणि स्वतः, तिसऱ्या कुणानं भाग जात नाही. भूकंपात दगडी माड्या फुटल्या, ही संख्या फुटली का?"

"संख्येला भिंती कुठं असतात, महाराज?"

ताईनं चिमटा काढला.

माझी चिठ्ठी ७९१९. तिचा वर्ग करायचा आणि दिवसाच्या चोवीस तासांनी भागायचं, स्वतःच्या हातानं. उरेल ती बाकी म्हणजे बोर्डातला नंबर. बाकी उरली एक!

"पहिली येणार तू," महाराज कानाशी पुटपुटले. "बोलू नको कुठं."

खरं सांगते, क्षणभर मीही भुलले. मग मी वहीवर पंचवीस घेतले. पंचवीसला पाचानं भाग जातो, म्हणजे ती मूळ संख्या नाहीच. वर्ग सहाशे पंचवीस. चोवीसनं भागलं तर बाकी एक! पस्तीस? एक! अर्धा तास डोकं खाजवलं तेव्हा कारण सापडलं आणि मी खुर्चीवर चढले.

"ज्यांची बाकी एक आली, त्यांनी हात वर करा!"

एक हात हलेना. लातुरात क्लासची पोरं शेजाऱ्याला नोट्स दाखवत नाहीत, नंबर काय सांगणार? महाराजांचं दुकान त्यावरच चाललेलं.

मग ताईनं हळूच हात वर केला. तिच्यामागं दुसरा, दहावा, बघता बघता सगळा हॉल.

"आगं बया," आमच्या खोलीमालकीण लक्ष्मीबाई म्हणाल्या, "समदे पहिले, तर दुसरा कोन येनार?"

"हा देवाचा कौल आहे!" महाराज गरजले.

"पाढ्यांचा हाय, महाराज. ७९१९ चे शेजारी बघा, ७९१८ आणि ७९२०. दोन्ही सम, त्यातल्या एकाला चारानंही भाग जातो. म्हणजे गुणाकाराला आठानं. लागोपाठच्या तीन संख्यांत एकीला तीनानं भाग जातोच. मूळ संख्येला जात नाही, म्हणजे शेजाऱ्याला जातो. आठ त्रिक चोवीस! आणि शेजाऱ्यांचा गुणाकार म्हणजे आपला वर्ग वजा एक. बाकी एक उरणारच! म्हणून तर हंड्यात दोन आणि तीन ठेवले न्हाईत. न्हाईतर कुणी चौथा आला असता, कुणी नववा!"

हॉल हसला. महाराज हंडा घेऊन मागच्या दारानं गेले.

"दोन दिवस वाया गेले गं," ताई म्हणाली.

"बारा हायेत अजून."

त्या संध्याकाळी ती एका गणितावर अडली आणि माझ्यावर खेकसली. मला लई बरं वाटलं.

तुमच्या गावात कुणी असा नंबर वाटत असेल, तर शेजारी बसलेल्याला विचारा, त्याला काय मिळालं. आणि हिशेब पुन्हा करा, पण संख्या तुमच्या मनातली घ्या.