रोयच्या पुतळ्यावरचं नाव

रोय पुरोहिताचा थडग्यातला पुतळा मीच घडवला होता. रोयला जाऊन चार महिनेही झाले नव्हते, तोच उसरहात माझ्याकडे आला. तोही रोयच्याच देवळातला, स्तोत्रं म्हणणारा. बरोबर एक रखवालदार, हातात सोटा.

"पाशेद, चल नदीपलीकडे. पुतळ्यावरचं रोयचं नाव काढ आणि माझं घाल. ते थडगं मला माझ्यासाठी हवंय."

"महाराज, नाव गेलं की तो तिकडे परलोकात उपाशी राहील. नैवेद्य पोचणार कुणाला?"

"मग तू जा त्याला भरवायला," तो म्हणाला. रखवालदारानं सोटा माझ्या बरगडीत खुपसला.

भर दुपारी आम्ही थडग्यात शिरलो. मी घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू? छिन्नी लावली, दोन अक्षरं उडवली. तेवढ्यात रोयची बायको हुनेरो भाकऱ्या आणि बिअरचा घडा घेऊन दारात उभी.

"पाशेद! हा पुतळा घडवताना आमच्याच घरी जेवत होतास ना रे?"

"वहिनी, मारून टाकतील हे मला."

"मग मर की!"

घडा तिनं माझ्या अंगावर फोडला आणि धावत जाऊन पुतळ्याला मिठी घातली. रखवालदारानं तिच्या तोंडावर सोटा हाणला. दात पडले, मिठी सुटेना. दुसरा फटका डोळ्यावर बसला. पुतळ्याच्या पांढऱ्या वस्त्रावरून रक्त ओघळलं.

"पुतळ्याचं नाकच फोडतो. बघू रोय तिकडे श्वास कसा घेतो!" उसरहातनं माझी मोगरी हिसकावून घेतली. हुनेरोनं पुतळ्याच्या तोंडावर उजवा हात धरला. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला.

कडक दगड ठेचायचा काळा गोळा माझ्या हातात कसा आला, आठवत नाही. तो उसरहातच्या जबड्यावर बसला. दुसरा घाव मी तो खाली पडल्यावर घातला. तो घाव मात्र आठवतो. मग रखवालदारानं माझा गुडघा फोडला.

पंचांसमोर हुनेरोला आणलं तेव्हा तिचा एक डोळा बांधलेला होता. वाटलं, माझ्या बाजूनं बोलेल. ती लेखनिकाला म्हणाली, "यानं माझा जीव वाचवला. त्याआधी यानंच दोन अक्षरं खोडली. दोन्ही लिही."

मला शंभर फटके मिळाले आणि दक्षिणेतल्या खाणीत रवानगी झाली. उसरहातचा जबडा वाकडा सांधला. तोंडातून शब्द धड फुटेना, म्हणून देवळानं त्याला काढलं. रखवालदाराला कुणी काही विचारलं नाही.

वर्षानं आमच्या गावचा एक कैदी खाणीत आला. म्हणाला, थडगं रोयचंच राहिलं. दुसऱ्या कारागिरानं ती अक्षरं परत कोरली.

"नीट कोरली का?"

"मला कुठं वाचता येतं? पण बाई रोज जाते. डाव्या हातानं भाकऱ्या मांडते."

ती दोन अक्षरं उडवलेल्या हातानं त्या दिवशी मी हातोडा उचललाच नाही. मुकादमानं चाबकानं पाठ फोडली, तरी उचलला नाही.