फोडणी विसरलेला टोप

मी एक जुना ॲल्युमिनियमचा टोप आहे. मित्रांनो, आज माझे कान वाकले आहेत, बूड काळे पडले आहे. पण जन्म थाटातला! उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये कारागिराने मला असा ठोकला, की आवाजाने पार शहाडच्या म्हशी आटल्या म्हणे. पुढे जांभूळ गावी आलो. तिथे एका हळदीला माझ्यात एवढा भात शिजला, की एक पाहुणा आत पडला, तो खातखातच वर आला आणि रस्सा मागू लागला. पटत नसेल तर अर्धे खरे माना. माझे जाड बूड मात्र पूर्ण खरे. चुलीवरून उतरल्यावरही शेवटची पंगत उठेपर्यंत मी गरम राहत असे. "टोप नाय, भट्टी हाय!" असे माझा मालक हरिचंद्र चारचौघांत सांगायचा.

मग गावात केटरर आले. मी पडवीत पालथा पडलो. कोंबडीने माझ्या आडोशाला अंडी घातली, तेवढाच काय तो मान.

हरिचंद्रने शेतात तळे खोदून रोहू-कटला सोडले, तेव्हा मला पुन्हा काम मिळाले: माशांचे खाद्य कालवायचे. त्याची बायको जनी डावाने माझा काठ टणटण वाजवी आणि मासे असे धावत, की पाणी उकळल्यासारखे दिसे.

यंदा त्यांच्या मुलीने, तेजस्वीने, खाद्य बदलले. "तळ्यातल्या माशांसाठी समुद्रातले मासे किती पिळायचे?" म्हणत तिने माशांच्या तेलाऐवजी जवसाचे तेल आणले आणि सोबत प्रोबायोटिकची पुडी. "आई, यात चांगले जंतू आहेत. माशांचं पोट नीट राहतं. तेलात मिसळ आणि खाद्याला चोळ," एवढे सांगून ती अंबरनाथला कामावर पळाली.

जनीने पुडीकडे संशयाने पाहिले. "जंतू? नि कच्चेच घालू? पानी पन आपुन उकलून पितो!" तिने मला चुलीवर चढवले, धूर निघेपर्यंत तेल तापवले आणि पूड त्यात ओतली. हात सवयीने लसणाकडेही गेला होता, तो तिने आवरला. पुडीतले बिचारे जीव चर्र झाले. मला कळत होते, पण टोपाला तोंड असले तरी जीभ नसते.

रोज तेच. जळक्या वासाचे खाद्य मासे हुंगून सोडू लागले. ते तळाशी कुजले, पाण्याला वास येऊ लागला. टणटण करूनही कुणी फिरकेना. वर येत ते फक्त तोंडे उघडून हवा गिळायला.

"पोरीच्या नादान मासं मरतील," हरिचंद्र कुरकुरला. "या रविवारपरेंत बघतो. नाय सुधारलं तं तलं बुजवतो."

रविवारी तेजस्वी स्वतः खाद्य द्यायला आली, तिने मला उचलले आणि किंचाळली. "आई गं! हा एवढा का तापलाय?"

"मंग? जंतू नको मारू?"

"अगं, ते जिवंतच द्यायचे असतात! उकळत्या दुधात कधी विरजण घातलंस का?"

जनीचा डाव हवेतच राहिला. "अगो बाय... मी त्यांना तलून काढलं?" मग एकदम उसळली, "नि तू सांगलंस कवा? पुडी फेकून पलालीस!"

"भांडा मंग," हरिचंद्र म्हणाला. "आदी पानी बदला. आजून एक रविवार देतो."

खाद्य बंद ठेवले, पाणी बदलले. मग माझ्यात गार तेल, गार पूड, आणि खाद्य सावलीत सुकवणे. तरी पाणी गप्पच. पुढच्या रविवारी हरिचंद्रने स्वतः डाव घेतला. टणटण. काही नाही. पुन्हा टणटण. तेवढ्यात एका जाड्या कटल्याने ओठ वर काढले, दाणा गिळला, आणि मागोमाग सगळे तळे उसळले!

हरिचंद्रने डाव जनीच्या हातात दिला. "वाजव तू. तुझाच मान," म्हणाला आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागला.

मित्रांनो, जिवंत जिन्नस हाती आला तर आधी त्याला काय सोसते ते विचारा. आणि सांगणाऱ्यांनो, सांगून लगेच पळू नका, जरा थांबा. चुलीची मला अजून आठवण येते, खोटे का बोलू? पण आता जनी रोज माझ्या बुडाला पालथा हात लावते, लेकराचा ताप पाहावा तसा. मी गार लागलो, की ती हसते.