सेनापतीची चढाई

मांडव्याच्या बोटीत दर खेपेला ओकणाऱ्या अल्पेशने सात कादंबऱ्या लिहून अर्धी आकाशगंगा जिंकली होती. आता त्या कादंबऱ्यांतल्या युद्धांवरून त्याची मैत्रीण मृणाली फाशांचा खेळ बनवत होती. अलिबागला तिच्या ओटीवर पहिला डाव मांडला. चौघा खेळाडूंना तिने आधी आपापल्या सैनिकाचं बारसं करायला लावलं. सेनापती अर्थातच अल्पेश. फासा टाकून तो गरजला, "तुटून पडा तोफांवर!"

"तुम्ही व्हा पुढे साहेब, आम्ही आलोच," चौघे म्हणाले आणि आपले सैनिक खंदकातच ठेवून चहा प्यायला लागले.

अल्पेशचं टाळकं सरकलं. "माझ्या कादंबऱ्यांत लाखो सैनिक हूं की चूं न करता मेले!"

"मरतील नाहीतर काय?" मृणाली म्हणाली. "त्यातल्या एकाचं तरी बारसं केलं होतंस का तू?"